कंबर एकतीस

चौकातल्या घड्याळाखाली दर गुरुवारी एक निळा तंबू उभा राहायचा, आणि समोरच्या दुकानातून मास्तर त्याच्याकडे बघायचे ते दुसऱ्या शिंप्याने शिवलेल्या कोटाकडे बघावं तसे. तोंडाने अवाक्षर नाही. पण खांदा कुठे चुकलाय ते मनात पक्कं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. चौतीस वर्षं त्यांचं मशीन त्याच खिडकीशी होतं आणि चौतीस वर्षं चौकातून जाणारा प्रत्येक माणूस त्यांनी नजरेने मापून ठेवला होता. कोणाचा उजवा खांदा उतरलाय, कोण कोणाला टाळून पलीकडच्या फुटपाथवर जातो, कोण नवा शर्ट घातला की उगीचच दोनदा चकरा मारतो, सगळं त्यांच्याकडे जमा. बायकोने सकाळी सांगितलेलं काम दुपारी आठवायचं नाही, पण लोकांचं दहा वर्षांपूर्वीचं पोट तोंडपाठ.

तंबूवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'एचआयव्ही तपासणी. मोफत. निर्धास्तपणे या.' अक्षरं इतकी मोठी की निर्धास्त माणसालाही धास्ती वाटावी. आत आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बसत. एका गुरुवारी अ‍ॅप्रनचा उसवलेला खिसा शिवून घ्यायला त्या दुकानात आल्या, तेव्हा मास्तरांना राहवलं नाही.

"आज किती झाले, सिस्टर?"

"एकवीस."

"त्यातले चौदा जुनेच. छत्रीवाला तर अकराव्यांदा आला. तुम्ही बिस्किटांचा पुडा देता ना! परवा मला ऐकवत होता, 'मास्तर, माझ्याइतकं स्वच्छ रक्त या चौकात कोणाचं नाही, अकरा कागद आहेत घरी.'"

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या मास्तरीणबाई फिस्सकन हसल्या. सिस्टरही हसल्या, पण अर्ध्यावर थांबल्या.

"राग मानू नका," मास्तर म्हणाले, "पण तुम्ही कापलेलं कापडच पुन्हा पुन्हा मोजताय. तागा तसाच पडलाय."

"मला काय कळत नाही का?" सिस्टर स्टुलावर टेकल्या. "वर आकडा पाठवायचा असतो तपासण्यांचा. तो भरतो. पण ज्यांना लागण झालीय आणि पत्ताच नाही, ते तंबू दिसला की रस्ता बदलतात. वेळेत कळलं तर रोजची एक गोळी, माणूस धडधाकट जगतो, नीट गोळ्या घेतल्या तर त्याच्यापासून जोडीदारालाही धोका राहत नाही. नाही कळलं तर आतल्या आत पोखरत जातं. मला छत्रीवाला नकोय, मास्तर. मला रस्ता बदलणारा हवाय."

बोलता बोलता त्यांची नजर दुकानाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे कपडे घालून बघायची खोली होती. खोली कसली, चार बाय पाचचा कप्पा. पण त्याला जाड तपकिरी पडदा होता, आरसा होता, बाक होता, आणि मागच्या गल्लीत उघडणारं दारही होतं.

"या पडद्यामागे कोणी गेलं तर बाहेरच्याला काय वाटतं?"

"काय वाटायचंय? पँट घालून बघतोय."

सिस्टर पडद्याकडे बघत राहिल्या. मास्तरांना अर्थ कळला. चौतीस वर्षांचं दुकान, लोक काय म्हणतील, गिऱ्हाईक तुटेल. ते 'बघू या' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून मास्तरीणबाई म्हणाल्या, "तंबू सकाळपुरता ठेवा, गुरुवारी दुपारी दुकानात तसाही शुकशुकाट असतो. बसा की."

झालं. त्या घरात मास्तरांचं 'बघू या' आणि बाईंचं 'बसा की' यांची गाठ पडली की काय ठरतं ते सगळ्या चौकाला ठाऊक होतं.

*

पहिल्या गुरुवारी मास्तरांनी घोटाळा केला, आणि तो फक्त शिंपीच करू शकतो असा.

दुकानाची एक पद्धत होती. मास्तर टेप लावायचे आणि खड्या आवाजात माप सांगायचे, "छाती अडतीस! कंबर चौतीस! बाही साडेतेवीस!" मास्तरीणबाई काऊंटरवरून तेच पुन्हा म्हणायच्या आणि वहीत उतरवायच्या. सांगणारा एक, लिहिणारा एक, म्हणजे चूक नाही. शिवाय बाकावर बसलेल्यांची करमणूक फुकट.

त्या दिवशी पडद्यामागे पहिला माणूस गेला. नेमके त्याच दुपारी बाकावर सहा जण बसले होते. सिस्टरचं काम वीस मिनिटांत आटोपलं, पडदा हलला, आणि मास्तरांनी मान वर न करता, जित्याची खोड, खड्या आवाजात विचारलं, "हं, सिस्टर, काय निघालं?"

दुकान गार पडलं. कात्री तेवढी टेबलावर चमकत होती. मग बाकावरचे सहाही जण, कोणाला दूध आणायचं आठवलं, कोणाला सासूबाईंचं औषध, एकामागून एक निघून गेले. पडद्यामागचा मागच्या दाराने गेला.

सिस्टर बाहेर आल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे मास्तरांना जास्त लागलं.

"पडद्यामागचं पडद्यामागे, मास्तर. मला विचारायचं नाही, त्याला विचारायचं नाही, त्याच्या चालीवरून ओळखायचं नाही."

"चुकलं," मास्तर म्हणाले. "पण मी काय म्हणतो, सिस्टर, सगळ्यांना कशाला त्रास? मी तोंड बघून सांगतो ना कोणाची करायची ते. माझी नजर…"

"तोंडावर दिसत असतं तर मला सुई कशाला लागली असती?"

त्या दिवशी दोन नियम ठरले. एक, दुकानात आता कोणतंही माप मोठ्याने सांगायचं नाही. ज्याने टेप लावली त्यानेच गुपचूप वहीत लिहायचं. कारण कमरेचा आकडा चव्हाट्यावर येतो त्या दुकानात रक्ताचा येणार नाही यावर कोण विश्वास ठेवेल? दुसरा नियम, माप झालं की प्रत्येकाला एकच वाक्य बोलायचं, तोंड न बघता, श्रीमंत-गरीब, तरणा-म्हातारा, बाई-पुरुष कोणालाही न वगळता: 'पँट तयार होईपर्यंत वीस मिनिटं आहेत, आत सिस्टर आहेत, एचआयव्हीची तपासणी करून घ्या, सगळ्यांनाच सांगतो.'

"शेवटचे दोन शब्द विसरू नका," सिस्टर म्हणाल्या. "निवडून विचारलं की ती शिवी होते. सगळ्यांना विचारलं की तो रिवाज होतो."

मास्तरांनी वाक्य पाठ केलं. पहिले काही दिवस ते शाळेतल्या कवितेसारखं एका दमात म्हणायचे आणि लोक हसायचे. पण हसता हसता आत जायचे. बँकेतला कॅशियर गेला, बेकरीवाला गेला, त्याची बायको दुसऱ्या आठवड्यात आपणहून आली. तीन महिन्यांत दीडशेच्या वर माणसं पडद्यामागे जाऊन आली, आणि सिस्टर म्हणाल्या, त्यातली सव्वाशे जन्मात पहिल्यांदा. दोघा जणांचं निघालं, एवढंच त्यांनी सांगितलं. कोण ते नाही. मास्तर आठवडाभर खिडकीतून एकेकाला निरखत होते.

"सुईत दोरा ओवा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "डोळे त्याच्यासाठी दिलेत."

*

मास्तरांची एकुलती एक लेक दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन नदीपलीकडच्या वस्तीत गेली होती. तिचे सासरे, म्हणजे मास्तरांचे व्याही, जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य दऱ्याखोऱ्यांतून साखळ्या ओढत हिंडलेला माणूस. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. भावाभावांची भांडणं त्यांच्या एका वाक्यावर थांबत: 'मोजल्याशिवाय हद्द सांगायची नाही.' बोलणं कमी, कपडे कडक इस्त्रीचे, हातात काठी, चहा घेतला तरी कप अर्धाच ठेवणार. मास्तर सगळ्या जगाची थट्टा करत, पण मोजणीसाहेब दुकानात शिरले की त्यांची जीभ खिशात जायची. एकतर साहेब, त्यातून व्याही. लेक ज्याच्या घरात नांदते त्याच्याशी माणूस टाचणी हातात धरल्यासारखा वागतो.

एका गुरुवारी मोजणीसाहेब आले ते राखाडी पँट घेऊन.

"कमरेत घ्यायचीय थोडी. सैल होते."

मास्तरांनी टेप लावली. एकतीस. जुन्या सवयीने आकडा ओठांवर आला आणि नव्या नियमाने माघारी गेला. आता लिहायचं तर वही उघडायला हवी. पूर्वी ते काम बाईंचं होतं. मास्तरांनी साहेबांचं पान काढलं. वरून खाली तीन ओळी होत्या, तिन्ही बाईंच्या गोल अक्षरात. लेकीच्या लग्नाच्या कोटाच्या वेळी कंबर छत्तीस. नंतर साडेचौतीस. नंतर तेहतीस. चौथी ओळ मास्तरांनी स्वतः लिहिली. एकतीस.

पेन्सिल तिथेच थांबली.

ही पँट ते तिसऱ्यांदा आवळत होते. प्रत्येक वेळी आकडा त्यांच्या तोंडातून निघून बाईंच्या कानात गेला होता आणि वहीत जाऊन झोपला होता. चारी एका रांगेत कधी कोणी पाहिलेच नव्हते. उलट दोन्ही वेळा त्यांनी भीत भीत का होईना विनोद केला होता, "निवृत्ती मानवली साहेब, पोट उतरवलंत!" आणि बाकावरचे हसले होते.

"तब्येत बरी ना साहेब?"

"डॉक्टर म्हणाले साखर असेल. साखर नाही निघाली. मग म्हणाले वय आहे." मोजणीसाहेबांनी रुमालात खोकून घेतलं. "फिरणं वाढवलंय."

आता ते वाक्य बोलायचं होतं. पडद्यामागे सिस्टर बसल्या होत्या. मास्तरांनी तोंड उघडलं. समोर कडक कॉलर, पिकलेल्या भुवया, लेकीचे सासरे. तोंडातून निघालं ते असं:

"पुढच्या गुरुवारी तयार ठेवतो."

मोजणीसाहेब गेले. मास्तर खिडकीतून बघत राहिले. चौक ओलांडताना साहेब घड्याळाच्या खांबाला हात लावून क्षणभर उभे राहिले, जणू वेळ बघत होते. वर बघितलं मात्र नाही.

"आज एक गिऱ्हाईक सुटलं," मास्तरीणबाई काजात सुई घालत म्हणाल्या.

"व्याही आहेत ते!"

"मग वाक्यात तसं घालून घ्या. 'सगळ्यांनाच सांगतो, व्याही सोडून.'"

"तुला समजत कसं नाही? उद्या ते घरी जाऊन म्हणाले, 'तुझ्या बापाने मला काय विचारलं बघ,' तर पोरीने तोंड कुठे दाखवायचं? आयुष्यभराचा सल राहील. आणि तो माणूस… त्या माणसाला हे असेल असं कोण म्हणेल?"

"कोणीच नाही म्हणालं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर एकतीस झाली."

संध्याकाळी सिस्टर सामान आवरत होत्या. मास्तर त्यांच्याजवळ गेले, घसा साफ केला. "एक गृहस्थ आहेत. आमच्या नात्यातलेच. तुम्ही जर सहज म्हणून त्यांच्या घरी…"

"नाव सांगू नका," सिस्टरनी हात वर केला. "मी दारात उभी राहिले की गल्लीला पाटीच लागते. तुमच्याकडे येतात ना? मग वाक्य तुम्हीच बोलायचं."

"आणि अपमान वाटला तर?"

"वाटेलही. तुम्ही स्वतः करून घेतलीत का तपासणी?"

"मी? मला काय झालंय?"

सिस्टरनी पेटीचं झाकण लावलं. हे उत्तर त्यांनी वर्षानुवर्षं इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की आता त्यांना ते सहीसारखं ओळखू येत होतं.

मास्तर वरमले. दीडशे माणसं आत धाडली, आणि स्वतः पडद्याला शिवले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तसा त्यांच्या अंगातला सदराही कधी मापाने शिवलेला नव्हता. उरलेल्या कापडाचा, अंदाजपंचे, एक बाही लांब.

"ही तरी कुठे गेलीय आत?" त्यांनी बायकोकडे बोट केलं.

"पहिल्याच गुरुवारी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही बोंब मारून दुकान रिकामं केलंत ना, तेव्हाच. म्हटलं, सिस्टर मोकळ्याच बसल्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"पडद्यामागचं पडद्यामागे."

*

तो आठवडा मास्तरांनी कसा काढला ते त्यांच्या मशीनला विचारावं. दोन शर्टांच्या बाह्या उलट लागल्या. रात्री ते लेकीचं तोंड आठवायचे आणि वाक्य गिळायचे, मग घड्याळाच्या खांबावरचा तो हात आठवायचा आणि वाक्य पुन्हा वर यायचं. पँट मात्र त्यांनी मन लावून केली. कमरेत घेतली, पण आतलं जास्तीचं कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते आधी दोन्ही वेळा कापलं नव्हतं तसं याही वेळी कापलं नाही. दुमडून आत ठेवलं.

गुरुवारी मोजणीसाहेब ठरल्या वेळेला आले. बाकावर कोणी नव्हतं. सिस्टर तेवढ्यापुरत्या मागच्या दाराने गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या, आणि साहेबांनी पँट घालून बघितली, आरशात एकदा पुढून, एकदा मागून. ठीक आहे म्हणाले, बदलून बाहेर आले, पँट काऊंटरवर ठेवली. आता एवढी घडी घातली की संपलं.

"साहेब," मास्तर म्हणाले. "आत सिस्टर आहेत. ते आपलं… वीस मिनिटं… एचआयव्हीची… म्हणजे करून घ्या. तपासणी." आणि घाम पुसता पुसता, "सगळ्यांनाच सांगतो."

मोजणीसाहेबांची काठी जमिनीवर टेकली. टक्.

"मला विचारताय?"

"हो."

"मागच्या गुरुवारीही सिस्टर होत्या आत. तेव्हा नाही विचारलंत. म्हणजे सगळ्यांना विचारत नाही तुम्ही. विचार करून विचारलंत." त्यांचा आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटत होती. "माझ्या मुलाच्या सासऱ्याने माझ्याबद्दल आठ दिवस हा विचार करावा?"

मास्तरीणबाईंची सुई थांबली. मास्तरांना वाटलं, गेली. लेक गेली, व्याही गेले, तोंडही गेलं. माफी मागायला त्यांनी हात जोडले, आणि मग ते हात आपोआप खाली गेले आणि त्यांनी वही उघडून साहेबांसमोर फिरवली. माफीपेक्षा त्यांना मापाची भाषा जास्त येत होती.

मोजणीसाहेबांनी चष्मा लावला. चार ओळी वाचल्या. पुन्हा वरून वाचल्या.

"टेप तीच?"

"तीच. आणि लावणारा हात तोच."

"चुकीला वाव किती?"

"फार तर अर्धा इंच."

"अर्धा." साहेबांनी बोट शेवटच्या आकड्यावर ठेवलं. जन्मभर लोकांच्या बांधांचे आकडे असेच बोटाखाली घेतले होते त्यांनी. "मग बाकीचे साडेचार गेले कुठे?"

"ते मला नाही सांगता येत. मी शिंपी आहे. मागच्या गुरुवारी मी भ्यालो, साहेब. तुम्हाला नव्हे, नात्याला. ती माझी चूक."

काठी पुन्हा वाजली नाही. बाहेर छत्रीवाला कोणाशी तरी भांडत होता, ते ऐकू येत होतं.

"तुम्ही केलीत?" साहेबांनी एकदम विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची सोय होती, पण त्या भुवयांपुढे नाही. "आधी मी जातो."

आणि ते गेले. चौतीस वर्षांत ज्या पडद्याबाहेर उभं राहून दुसऱ्यांना 'झालं का' विचारलं, त्याच्या आत ते पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून बसले. दिवसाला दहादा बोटात सुई टोचून घेणारा हा माणूस, सिस्टरनी बोट धरलं तेव्हा डोळे गच्च मिटून बसला. वीस मिनिटं किती लांब असतात ते कळलं. आरशात आपला सदरा दिसला. बाही खरंच लांब होती. सिस्टरनी काय सांगितलं ते पडद्यामागे राहू द्या. पण बाहेर आले तेव्हा मास्तरांनी पाणी मागून घेतलं आणि तांब्याभर प्यायले.

"हं," मोजणीसाहेब म्हणाले, काठी बाकाला टेकवून ठेवली आणि आत गेले.

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. मास्तर मशीनवर बसले आणि एकाच चिंधीवर सरळ शिलाई मारत राहिले. पडद्याखालून साहेबांचे पॉलिश केलेले बूट दिसत होते, एकमेकांना चिकटून, शाळेतल्या मुलासारखे. चाळीस मिनिटं झाली. सिस्टरचा आवाज हळू, एकसारखा येत होता; शब्द कळत नव्हते. मधे एकदा साहेब काहीतरी म्हणाले आणि बूट बाकाखाली मागे सरकले.

पडदा हलला. मोजणीसाहेब बाहेर आले. हातातला कागद त्यांनी चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबला.

मास्तरांच्या जिभेवर तो प्रश्न आला. काय निघालं? चौतीस वर्षांची सवय, आठ दिवसांची काळजी, सगळं एकाच जागी येऊन अडलं. त्यांनी हातातला दोरा दातात धरला आणि तोडला.

"पँट…" ते म्हणाले.

"राहू द्या तुमच्याकडे. नेईन नंतर." मोजणीसाहेबांनी काठी घेतली. दारात थांबले, पण मागे वळले नाहीत. "मास्तर, आकडे बरोबर लिहिलेत."

*

पुढचे पाच महिने मास्तरांना कोणी काही सांगितलं नाही आणि त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. या दोन्हींतलं दुसरं जास्त कठीण होतं. लेकीचा फोन यायचा. ती हवापाणी सांगायची, "आई कशी आहे, मशीन बिघडलं होतं ते झालं का," आणि फोन ठेवायची. सासऱ्यांचं नाव नाही. मास्तर त्या गप्प बसण्याला उलटसुलट करून बघायचे, आतून शिलाई कशी आहे ते कळतं का म्हणून. राग आहे? आजार वाढलाय? सिस्टर दर गुरुवारी समोर बसायच्या, त्यांच्या चेहऱ्यावरही काही वाचता येईना.

राखाडी पँट खुंटीवर लटकलेली होती. मास्तर रोज तिच्यावरची धूळ झटकायचे.

एक गोष्ट मात्र घडली. तिसऱ्या आठवड्यापासून गुरुवारी दुकानात म्हातारे यायला लागले. आधी एक निवृत्त पोस्टमास्तर आले, त्यांची पँट अंगाला इतकी चोख बसली होती की मास्तरांना शिवणाऱ्याचा हेवा वाटला.

"हिचं काय करायचं?"

"काही नाही. मोजून घ्या." पोस्टमास्तरांनी पडद्याकडे नजर टाकली. "नदीकाठच्या बाकावर मोजणीसाहेब सांगत होते, मोजल्याशिवाय हद्द कळत नाही म्हणून."

पुढच्या आठवड्यात तिघे आले, त्यातला एक बायकोला घेऊन. या वयाच्या माणसांना तंबूने कधी हाक मारलीच नव्हती. त्याच्या पाटीवर हसरी तरुण जोडपी होती. सिस्टरनी जास्तीची किटं मागवली. मास्तरांनी मनातल्या मनात एवढं मात्र जमेला धरलं: जो माणूस बाकावर बसून इतरांना आपल्या दुकानात धाडतो, तो निदान दुकानावर रागावलेला नाही.

आणि सहाव्या महिन्यातल्या एका गुरुवारी मोजणीसाहेब स्वतः आले. बरोबर विहीणबाई होत्या. दुकान भरलेलं होतं. बाकावर पोस्टमास्तर, बेकरीवाला, आणि अकरा कागदांचा धनी छत्रीवाला.

"माझी पँट," साहेब म्हणाले.

मास्तरांनी ती खुंटीवरून काढली. सिस्टरनी तेवढ्यापुरती खोली रिकामी केली, साहेब आत जाऊन आले ते पँट हातात घेऊनच.

"बटण लागत नाही."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. गालावर मांस आलं होतं. कॉलरमध्ये मान भरली होती. विहीणबाई मास्तरीणबाईंच्या शेजारी टेकल्या आणि इतक्या हळू आवाजात बोलल्या की बाकापर्यंत गेलं नाही. "रात्री जेवण झालं की एक गोळी. मी समोर ठेवते, ते घेतात. माझीही तपासणी केली डॉक्टरांनी लगेच. माझ्यात नाही काही. सूनबाई सगळं बघते हो, डॉक्टरांच्या तारखा तिच्याच वहीत. तुम्हाला सांगू का म्हणून विचारायची, तर हे म्हणायचे, थांब, मला स्वतः जाऊ दे चालत."

मास्तरीणबाईंनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मास्तरांनी टेप काढली. साहेबांच्या कमरेला लावली. आकडा बघितला, आणि नियमाप्रमाणे गुपचूप वहीकडे वळले. पाचवी ओळ लिहायला पेन्सिल टेकवली.

"थांबा," मोजणीसाहेब म्हणाले. "ही कोणती पद्धत? पूर्वी तर तुम्ही सांगायचात."

"आता मोठ्याने सांगत नाही, साहेब. नियम आहे."

"माप माझं आहे ना?" साहेबांनी काठी टेकवली. टक्. "मग सांगा. आणि मास्तरीणबाईंनी लिहायचं. सांगणारा एक, लिहिणारा एक."

मास्तरांनी सिस्टरकडे बघितलं. त्या पडदा बाजूला करून उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला, म्हणजे, त्यांचं माप, त्यांची मर्जी. मास्तरीणबाई उठल्या, डोळे पुसले, पेन्सिल घेतली.

मास्तरांनी घसा साफ केला. मग आवाज फुटला तो असा, की चौकातल्या कबुतरांनी घड्याळ सोडलं.

"कंबर साडेतेहतीस!"

"साडेतेहतीस," बाई म्हणाल्या, आणि लिहिलं.

"मास्तर, काय हे," छत्रीवाला बाकावरून म्हणाला, "माझी तर कायम तीसच. कधी ओरडला नाहीत एवढं."

राखाडी पँट मास्तरांनी उलटी केली, उसवणीचं पातं घेतलं आणि तीन वेळा घातलेली शिलाई एका बाजूने उसवायला घेतली. आतलं कापड सगळं जागच्या जागी होतं.